दुसरी बाजू ऐकून घेण्याबाबत

ज्या रेकॉर्डमुळे पुढे एका शनिवारी अख्खं नळजोडणी कार्यालय बावीस मिनिटं गप्प बसलं, ती रेकॉर्ड भाचेबुवांनी अकरा वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. आता, रेकॉर्ड न ऐकणं हा काही गुन्हा नाही. जगात न ऐकलेल्या रेकॉर्डी पुष्कळ असतात आणि बहुतेकांची त्याबद्दल तक्रार नसते. पण भाचेबुवांनी ती न ऐकता तिचं कौतुक केलं होतं, आणि तेही ज्यांनी ती वाजवली त्यांच्या तोंडावर.

वाजवणारे म्हणजे त्यांचे सख्खे मामा. भाचेबुवांना ऑफिसात 'रेकॉर्डवाले' म्हणत, घरात 'अहो' म्हणत. पण या गोष्टीत ते सापडले ते भाचा असल्यामुळे, तेव्हा आपणही त्यांना भाचेबुवाच म्हणू.

मामांनी तरुणपणी आणखी तिघांना जमवून एक बँड काढला होता. मामा ड्रम बडवायचे. चौघांनी मिळून एक रॉक अल्बम काढला, त्याचं नाव 'पुढे रस्ता नाही'. आतल्या गोटातले लोक, म्हणजे ते चौघे, त्याला अभिजात मानत. बाहेरच्या जगाने मात्र त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि त्याला कारण होतं बँडचं नाव. बँडचं नाव होतं 'वीजपुरवठा खंडित'. गावभर पोस्टरं लागली: 'येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता वीजपुरवठा खंडित.' रविवारी सात वाजता सगळं गाव मेणबत्त्या आणि काडेपेट्या घेऊन आपापल्या घरी बसलं. सभागृहात एक माणूस आला, तो वीज कंपनीचा होता आणि आपल्याला न विचारता हे कुणी ठरवलं याची चौकशी करायला आला होता.

अल्बमच्या उरल्यासुरल्या प्रती कुठे गेल्या कुणास ठाऊक. एकच राहिली. ती मामांनी भाच्याला लग्नात भेट दिली. बाकीच्यांनी सात भिंतीवरची घड्याळं आणि अकरा फुलदाण्या दिल्या होत्या. त्या वस्तूंचा उपयोग तरी कळत होता.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मामांनी विचारलं, "काय भाच्या, ऐकलीस का?"

इथे 'अजून नाही मामा, प्लेअर नाही' एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून भाचेबुवांची जीभ आपली आपणच सुटली. "ऐकली म्हणजे काय! वा मामा, वा!"

"काय आवडलं?"

रेकॉर्डला दोन बाजू असतात एवढी माहिती भाचेबुवांना होती. पहिली बाजू सगळेच ऐकतात, तेव्हा जाणकार माणूस दुसऱ्या बाजूबद्दल बोलत असणार, असा त्यांनी त्या अर्ध्या सेकंदात हिशेब केला. "पहिली चांगलीच आहे," ते म्हणाले, "पण मामा, दुसरी बाजू तर काय विचारता!"

मामा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. भाचेबुवांना वाटलं, लागू पडलं.

मग काय, दरवर्षी तेच. कुठे लग्न असो, बारसं असो, मामा गर्दीतून वाट काढत येत, बाजूला घेत आणि विचारत, "दुसरी बाजू ऐकतोस ना?" आणि भाचेबुवा त्यात दरवर्षी थोडी भर घालत. एका वर्षी ती बाजू ऐकून त्यांचं डोकं शांत झालं. पुढच्या वर्षी तिने त्यांची पित्ताची तक्रार गेली. पाचव्या वर्षी, बोलण्याच्या ओघात, त्यांनी एक रेकॉर्डप्लेअरही विकत घेऊन टाकला, लाकडी, झाकणाचा. प्रत्यक्षात घरात गोल फिरणारी वस्तू म्हणजे पंखा.

आणि मग एका सोमवारी फोन आला.

"भाच्या, शनिवारी येतोय. आपण दोघं बसून दुसरी बाजू ऐकू. प्लेअर तुझ्याकडे आहेच."

"या की मामा," भाचेबुवा म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. खुर्ची तिथे नव्हती.

बायकोने हात देऊन उठवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरळ सांगून टाका ना, नाही ऐकली म्हणून."

"अकरा वर्षांनी? त्यांचं वय बघ. त्या रेकॉर्डबद्दल आयुष्यात एकाच माणसाने चांगलं म्हटलंय. तो मी. आता मी जाऊन सांगू, की तेसुद्धा खोटं होतं?"

बायको म्हणाली, "मग ऐका. शनिवारच्या आत ऐका, म्हणजे निदान कुठे मान हलवायची ते कळेल. आणि पित्ताचं कशाला सांगितलंत? मामांनी माझ्या बहिणीलाही सांगितलंय. ती विचारत होती, रेकॉर्ड जेवणाआधी ऐकायची की नंतर."

भिंती पातळ असल्यामुळे ही बातमी वरच्या मजल्यावर फोनच्या आधी पोचली होती. वरचे काका निवृत्त निरीक्षक होते. कशाचे निरीक्षक, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण निरीक्षण अजून चालू होतं. ते चष्मा पुसत खाली आले.

"अल्बम बघायचाय म्हणे शनिवारच्या आत?"

"बघायचा नाही काका, ऐकायचाय."

"एकच हो. माझ्या भाचीच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा मी काय केलं? पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं आणि म्हटलं, 'नवरामुलगा सगळ्यात छान आलाय.' तीन तास वाचले. तुमच्यात नवरामुलगा कोण आहे?"

काकांना रेकॉर्ड दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून उजेडात बघितली, वास घेतला आणि निदान केलं: ही गोल फिरली पाहिजे. त्याबद्दल दुमत नव्हतं. पुढच्या पाच मिनिटांत काकांच्या देखरेखीखाली रेकॉर्ड मायक्रोवेव्हमधल्या काचेच्या ताटलीवर आडवी झाली, दार उघडं ठेवून ताटली कशी फिरेल यावर चर्चा झाली, आणि शेवटी ताटलीच बाहेर काढून भाचेबुवांनी ती बोटाने फिरवायची, काकांनी शिवणाची सुई कागदाच्या पुडीत खोचून रेकॉर्डवर धरायची, असं ठरलं.

आवाज आला. नाही असं नाही. म्हैस झोपेत वळली तर येईल तसा आवाज आला. भाचेबुवांनी जोर लावला तेव्हा तीच म्हैस घाबरून पळत सुटली.

"ही पहिली बाजू की दुसरी?" काकांनी विचारलं.

"पहिली."

"काही वाईट नाही. जरा कनिष्ठ आहे, पण वाईट नाही," काका म्हणाले. कनिष्ठ म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. निरीक्षणात असले शब्द लागत असावेत. सुईचा ओरखडा उमटायच्या आत बायकोने रेकॉर्ड काढून घेतली आणि पाकिटात घातली. पाकिटावर चार तरुणांचा फोटो होता. डाव्या टोकाला मामा, केस खांद्यापर्यंत, अंगात चामड्याचं जाकीट, डोळ्यांत सगळं जग बडवून काढायची जिद्द.

आता भाचेबुवांना आपलं ऑफिस आठवलं.

नळजोडणी कार्यालयात ते अठरा वर्षं रेकॉर्ड विभागात होते. म्हणजे गावातल्या कुठल्या घराला कधी नळ मिळाला, कधी तोडला, कधी परत जोडला, याच्या सगळ्या फायली त्यांच्या ताब्यात. पूर्वी या ऑफिसची एक जीप असे. पाणी येणार नसलं की ती गल्लोगल्ली फिरून 'पाणी उकळून प्या' अशी रेकॉर्ड वाजवी. जे पाणी येणारच नाही ते उकळायचं कसं, असा प्रश्न लोक विचारू लागल्यावर जीप बंद झाली. पण जीपमधला रेकॉर्डप्लेअर डेड स्टॉकच्या खोलीत होता, आणि डेड स्टॉकमधून आजवर काही बाहेर गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत भाचेबुवा रेकॉर्ड काखेत घेऊन स्टोअरकीपरपुढे उभे राहिले.

"प्लेअर आहे," स्टोअरकीपर म्हणाला. "चालूही आहे. मी दर महिन्याला त्यावर 'पाणी उकळून प्या' ऐकतो. बरं वाटतं. पण असा देता येणार नाही. मागणीपत्र द्या. कारण लिहा."

"अरे, अर्ध्या तासाचं काम. इथेच ऐकतो आणि जातो."

"रेकॉर्डवाले, परवा मी तुमच्याकडे माझ्याच घराच्या नळाची फाईल मागितली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

भाचेबुवा काय म्हणाले होते ते दोघांनाही आठवत होतं. त्यांनी मुकाट्याने मागणीपत्र लिहिलं. विषय: प्लेअर मिळण्याबाबत. कारण: एक रेकॉर्ड ऐकणे.

मागणीपत्र आवक-टेबलावरून जायला हवं होतं. तिथे ज्या बाई बसत, त्या टेबलावर आलेल्या प्रत्येक वस्तूवर शिक्का मारत. एकदा त्यांच्यापुढे चहाची बशी ठेवली होती, तिला अजून आवक क्रमांक आहे. त्यांनी मागणीपत्रावर शिक्का मारला. मग "आणि हे सोबतचं जोडपत्र ना?" म्हणत रेकॉर्डच्या पाकिटावरही मारला. धाप्. बरोबर मामांच्या तोंडावर. तारीख त्यांच्या मिशांच्या जागी आली.

"अहो बाई, ती माझी स्वतःची रेकॉर्ड आहे!"

"आता नाही. आता ती दोनशे चौदा आहे."

भाचेबुवांनी दोनशे चौदा उचलली आणि तडक घरी निघाले. फाटकावर शिपायाने आडवा हात केला.

"रेकॉर्ड ऑफिसच्या बाहेर नेता येत नाही, साहेब."

"असं कोण म्हणतं?"

शिपायाने मागच्या भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट केलं. 'कोणतीही रेकॉर्ड, कोणत्याही कारणास्तव, कोणाही व्यक्तीने कार्यालयाबाहेर नेऊ नये.' खाली भाचेबुवांची सही होती. मसुदा त्यांचाच होता. 'कोणतीही, कोणत्याही, कोणाही' हा तिहेरी फटका तर त्यांनी दोन दिवस खपून बसवला होता आणि त्याबद्दल तेव्हा त्यांची पाठही थोपटली गेली होती.

तर अशी ती रेकॉर्ड रेकॉर्ड विभागात दाखल झाली. म्हणजे भाचेबुवांच्याच कपाटात, भाचेबुवांच्याच कुलपात. किल्ली त्यांच्या खिशात. पण आता ती बाहेर काढायची तर रेकॉर्डकीपरकडे रीतसर अर्ज हवा. भाचेबुवांनी गुरुवारी सकाळी अर्ज लिहिला, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले, आणि आलेला अर्ज वाचायला घेतला. अर्जदाराने ओळखीचा पुरावा जोडला नव्हता. सहीही जरा घाईत केलेली दिसत होती. अठरा वर्षांची सवय. हाताला कळायच्या आत त्यांनी शेरा मारून टाकला: 'त्रुटींमुळे परत.'

मग उठून, वळसा घालून, ते परत आलेला अर्ज हातात घेऊन बसले, आणि या ऑफिसात सामान्य माणसाचे किती हाल होतात हे त्यांना नव्यानेच कळलं.

त्रुटी दुरुस्त करून अर्ज दुसऱ्यांदा गेला तो थेट मोठ्या साहेबांकडे. इथे मोठ्या साहेबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते पूर्वी जमिनीच्या खात्यात होते. रोज दहा-बारा सुनावण्या घेत. दोन भाऊ आले, भांडले, एक रडला, की साहेबांचा दिवस सार्थकी लागे. नळजोडणीत बदली झाल्यापासून एकही सुनावणी नाही. नळासाठी लोक भांडतात, पण ते नळावर भांडतात, ऑफिसात येत नाहीत. साहेब दिवसेंदिवस वाळत चालले होते.

त्यांनी भाचेबुवांचा अर्ज वाचला. 'सदर रेकॉर्ड ऐकण्याची परवानगी मिळावी. विशेषतः दुसरी बाजू ऐकणे अत्यावश्यक आहे.'

साहेबांच्या गालांवर रंग चढला. "दुसरी बाजू!" ते म्हणाले. "अर्जदार स्वतःहून म्हणतोय, दुसरी बाजू ऐकून घ्या! माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असा अर्जदार आला नाही हो. प्रत्येक जण म्हणायचा, माझं ऐका, त्याचं ऐकू नका."

"साहेब, ती गाण्याची रेकॉर्ड आहे."

"विषय कुठलाही असो. शनिवारी अकरा वाजता सुनावणी लावा. संबंधितांना नोटीस काढा. रेकॉर्डवर ज्यांची नावं आहेत ते सगळे."

चौघांपैकी तिघांचे पत्ते मिळेनात. उरले मामा. त्यांचा पत्ता भाचेबुवांनीच नोटिशीवर लिहिला. आणि ऑफिसच्या इतिहासात प्रथमच नोटीस सुनावणीच्या आधी पोचली.

शुक्रवारी संध्याकाळी मामांचा फोन आला.

"भाच्या," मामा म्हणाले, "एकेचाळीस वर्षांनी सरकारने दखल घेतली रे. लिहिलंय, 'आपल्या रेकॉर्डची सुनावणी.' येतो मी. तुझ्या घरी नंतर जाऊ."

"मामा, ऐका ना..." भाचेबुवा म्हणाले. पण मामा जाकीट शोधायला गेले होते.

बायको म्हणाली, "आता तरी सांगणार का?"

"सांगतो. उद्या आधी ऐकतो, मग सांगतो. ऐकून सांगितलं म्हणजे तितकं खोटं राहणार नाही."

शनिवारी अकराला पाच कमी असताना मामा आले. अंगात तेच पाकिटावरचं चामड्याचं जाकीट. तेव्हा त्याची चेन लागायची, आता दोन बाजूंमध्ये वीतभर अंतर होतं आणि त्यात पांढरा बनियन. भाचेबुवा पुढे झाले, पण शिपायाने पुकारा केला, "दोनशे चौदा! संबंधित आत या! अर्जदाराने बाहेर थांबावे!"

"बाहेर का? मलाच तर ऐकायचंय!"

"साहेब पक्षकारांना एकेक करून घेतात. नाहीतर आत मारामारी होते."

दार लागलं. साहेबांच्या खोलीत एसी बसवल्यापासून दाराला जाड स्पंज होता. बाहेर बाकावर बसून भाचेबुवांनी दाराला कान लावला. धप्, धप्, धप्. मग काहीच नाही. मग खूप वेळ धप्. मामा असणार. आत पहिली बाजू चालली होती, आणि ज्याला ती ऐकायची होती त्याच्या वाट्याला स्पंजाचा वास आला होता.

शिपाई पाणी घेऊन आत गेला आणि बाहेर आला. भाचेबुवांनी त्याची बाही धरली. "काय चाललंय?"

"साहेब मान हलवतायत."

"कशी? हो म्हणून, की नाही म्हणून?"

शिपायाने आठवून बघितलं. "नाही म्हणून. पण तालात."

दुसऱ्या खेपेला त्याने सांगितलं, की टंकलेखिकाबाई सगळं टाइप करतायत, आवक-टेबलावरच्या बाई आत येऊन बसल्यात आणि मधूनमधून टेबलावर शिक्का मारतायत, कागद नसताना. स्टोअरकीपर प्लेअरवर हात ठेवून बसलाय, कुणी पळवू नये म्हणून.

"आणि मामा?"

"ते डोळे मिटून बसलेत. फक्त हात चालतायत."

वीस-बावीस मिनिटांनी दार उघडलं. साहेबांचा टाय सैल झाला होता. "अर्जदाराला आत घ्या," ते म्हणाले. "एकच बाजू ऐकून निर्णय देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. अर्जदाराचा आग्रह ज्या बाजूबद्दल आहे ती त्याच्या समक्ष ऐकू. दुसरी बाजू!"

भाचेबुवा मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. अकरा वर्षांनी तो क्षण आला होता. स्टोअरकीपरने रेकॉर्ड उलटली. सुई टेकली.

खर्र.

खर्र.

सुरुवात हळू आहे, भाचेबुवांच्या मनात आलं. मोठे कलावंत घाई करत नाहीत.

खर्र.

दोन मिनिटं गेली. त्यांनी हळूच साहेबांकडे बघितलं. साहेब हनुवटीखाली मूठ घेऊन गंभीर बसले होते. टंकलेखिकाबाईंची बोटं यंत्रावर तयार होती. आवक-टेबलावरच्या बाईंचा शिक्का हवेत होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: बाकीच्यांना ऐकू येतंय, मलाच येत नाही. आणि असं साहेबांसमोर म्हणायला कोण तयार होणार? टंकलेखिकाबाईंनी शेवटी टाइप केलं, 'शांतता.' पाच मिनिटांनी, 'शांतता चालू.' मग शांततेत एवढी खडखड बरी नव्हे, म्हणून तो कागद काढून नवा कोरा लावला.

खर्र.

मामा भाच्याकडे बघत होते. भाचेबुवांनी सवयीने मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये हलकेच 'च्च' केलं. बावीस मिनिटं! बावीस मिनिटं माणसाने कशावर मान हलवावी? दहाव्या मिनिटाला मानेत लचक भरली. पंधराव्या मिनिटाला घाम कानामागून कॉलरमध्ये उतरला. हीच ती बाजू, जिने त्यांचं पित्त गेलं होतं. ते पित्त त्याच क्षणी परत येत होतं.

सुई शेवटच्या वळशाला पोचली आणि आपोआप उचलली गेली.

मामा वाकून हळूच म्हणाले, "काय भाच्या? कशी वाटली?"

भाचेबुवांनी तोंड उघडलं. आतून तयार वाक्य येऊन दातांपाशी उभं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मामा, मी ही कधी ऐकलीच नाही," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "दुसरी नाही, पहिलीही नाही. माझ्याकडे प्लेअर नाही. कधीच नव्हता. अकरा वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत आलो."

टंकलेखिकाबाईंचं यंत्र खडखडलं आणि थांबलं. "साहेब, हे रेकॉर्डवर घेऊ का?"

"थांबा," साहेब म्हणाले.

मामा शांतपणे म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्या बाजूला काही नाहीच रे. कोरी आहे. पहिली बाजू रेकॉर्ड झाली आणि स्टुडिओतली वीज गेली. नावच तसलं आमचं. दोन दिवस वाट बघितली, मग मालक म्हणाला, एवढीच काढतो. तू लग्नानंतर म्हणालास ना, 'दुसरी बाजू तर काय विचारता', तेव्हाच कळलं."

"अहो मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

मामांनी जाकिटाची न लागणारी चेन थोडी वर-खाली केली. "कुणी इतकं छान बोललंच नव्हतं. पित्ताचं तर मला फारच आवडलं."

"मग आजच का ऐकायला निघालात?"

"तुझं ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं, असेल काहीतरी त्या बाजूला. आपलंच लक्ष गेलं नसेल. म्हटलं, एकदा ऐकून बघावी."

आवक-टेबलावरच्या बाईंनी डोळे पुसले आणि रुमालावर शिक्का मारला.

साहेबांनी घसा खाकरला आणि तिथल्या तिथे निकाल सांगितला. त्यांचा आवाज जमिनीच्या खात्यात असतानाचा झाला होता. "पहिली बाजू सविस्तर ऐकून घेतली. दुसऱ्या बाजूस पुरेशी संधी, म्हणजे बावीस मिनिटे, देऊनही तिने आपले कोणतेही म्हणणे मांडले नाही. सबब, निकाल पहिल्या बाजूने देण्यात येत आहे."

"म्हणजे आम्ही जिंकलो?" मामांनी विचारलं.

"पूर्णपणे. आणि निकाल लागलेली रेकॉर्ड 'अ' वर्गात जाते. कायम जतन. ती आता कुणाला नष्ट करता येणार नाही, हरवता येणार नाही. हे ऑफिस आहे तोपर्यंत ती आहे."

"कायम?" मामांनी परत विचारलं. एकेचाळीस वर्षांत उरलेली त्या अल्बमची एकमेव प्रत त्यांनी फुलदाण्यांच्या शेजारी ठेवायला दिली होती. "शिक्क्यासकट?"

"शिक्का तर तुमच्या तोंडावर आहेच."

"पण साहेब," भाचेबुवा रडकुंडीला आले, "मी पहिली बाजू ऐकली नाही! तुम्ही सगळ्यांनी ऐकली! ती पुन्हा एकदा लावा ना!"

साहेबांनी दयेने त्यांच्याकडे बघितलं. "निकाल लागलेलं प्रकरण पुन्हा कसं उघडणार? परिपत्रक आहे."

ते कुणाच्या सहीचं होतं, हे भाचेबुवांनी विचारलं नाही.

"तुम्ही नक्कल मागा," टंकलेखिकाबाई म्हणाल्या. "मी सगळं टाइप केलंय."

तर त्या संध्याकाळी पाच वाजता भाचेबुवांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चार माणसं बसली होती. मामा, भाचेबुवा, बायको, आणि अल्बम बघायला आलेले वरचे काका. टेबलावर मामांपुढे पालथे घातलेले पाच डबे, दोन पातेली आणि कुकरचं झाकण. भाचेबुवांच्या हातात खरी नक्कल, पानं दोन, सही-शिक्क्यासह. आजपर्यंत त्यांनी शेकडो नकला दिल्या होत्या. घेतलेली ही पहिली.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "पहिली बाजू. ढण्. ढण्. तदनंतर ढणढण, सहा वेळा."

"सात," मामा म्हणाले आणि सात वेळा बडवलं. पातेल्यातून आवाज निघाला तो भिंतीवरच्या सातही घड्याळांच्या काचांना जाऊन लागला.

"यानंतर गायक 'रस्ता' असे ओरडतो. कशामुळे, ते नमूद नाही. पुन्हा ओरडतो. येथे एक वाद्य, नाव माहीत नाही, रुसल्यासारखे कुंईकुंई करते. त्याची समजूत न घालताच संबंधित इसम ढोल वाजवतो."

"मी!" मामा म्हणाले. हात सुटले होते. पांढऱ्या बनियनखाली पोट तालात हलत होतं. भाचेबुवांचा वाचतानाचा आवाज चढत गेला. 'सबब' आणि 'तदनंतर' हेसुद्धा ते तालात म्हणू लागले. गायक ओरडायचा तिथे बायको ओरडली, आणि अशी ओरडली की काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनाही राहवेना. त्यांनी रुसलेल्या वाद्याचं काम घेतलं आणि इतकं चोख केलं, की त्यांचं निरीक्षण बहुधा याच खात्यात झालं असावं. पान संपायला आलं. भाचेबुवा खुर्चीवर उभे होते. वर कसे चढले ते त्यांना आठवत नव्हतं.

"शेवटी सर्व वाद्ये एकदम वाजून साहेबांचा पेला पडतो. पहिली बाजू समाप्त."

मामांनी कुकरचं झाकण आपटलं. झाकण टेबलावर फिरत फिरत बसलं.

भाचेबुवांनी खाली उतरून पान उलटलं. दुसरं पान पूर्ण कोरं होतं. तळाला तेवढा शिक्का आणि एक ओळ: 'हे पान कोरे आहे. अस्सलबरहुकूम खरी नक्कल.'

"संपला का अल्बम?" काकांनी विचारलं.

"श्श्," मामांनी बोट ओठांवर ठेवलं. "दुसरी बाजू."

चौघेही गप्प बसले. नळाचा एक थेंब भांड्यात पडला. थोड्या वेळाने दुसरा पडला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून कुणाला तरी हाक मारली आणि उत्तराची वाट बघत थांबलं. मामांचे हात डब्यांवर स्थिर होते, पण बोटांची टोकं अजून थरथरत होती, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम संध्याकाळच्या उन्हात चमकत होता. काकांनी डोळे मिटले. बायकोने पदराने कुकरचं झाकण पुसून हळूच खाली ठेवलं, आवाज न करता.

बावीस मिनिटांनी मामांनी मान वर केली.

"काय भाच्या?"

भाचेबुवांनी चष्मा काढला. "मामा," ते म्हणाले, "पहिली चांगलीच आहे. पण दुसरी बाजू तर काय विचारता!"